बंद दिव्याचं बक्षीस

वीजबचतीचा हिरवा बिल्ला माझ्या छातीवर आला त्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं. त्या दिवशी मी बैठकीला उशिरा पोचले आणि तोवर बाकीच्या सगळ्यांनी आपापली मान सोडवून घेतली होती. मॅनेजर म्हणाले, "बाई, तुम्ही तशाही हॉलभर फिरतच असता." फिरत असता म्हणजे काय? मी सुपरवायझर आहे, फिरण्याचाच पगार घेते. त्यात आता जाता जाता लोकांचे दिवे बंद करायचे, एवढंच ना, असं त्यांचं म्हणणं. मी हो म्हटलं. त्या वेळी नाही म्हणायला लागतो तेवढासुद्धा दम माझ्यात उरला नव्हता.

आमचा हॉल तळघरात आहे. खिडकी नाही. वर ऊन आहे की पाऊस, ते जिना उतरणाऱ्यांच्या चपलांवरून आम्हाला कळतं. इथे कोटांचं हातकाम चालतं. मशीनची शिलाई वरच्या मजल्यावर होते आणि मग कोट खाली येतात. आम्ही बटणं लावायची, काठाची तुरपाई करायची, आणि आतलं अस्तर असं टाचायचं की टाका बाहेरून दिसता कामा नये. छताला ट्यूबलाइट आहेत, पण त्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा दिसायचा म्हणजे नशीब लागतं. म्हणून प्रत्येक टेबलावर वाकत्या मानेचा एकेक दिवा आहे. जागेवरून उठलं की तो बंद करायचा, एवढाच काय तो मोहिमेचा नियम. लहान मुलाला सांगितला तर त्याला कळेल.

वर्षभर मी तो सांगत होते. भिंतीवर हसऱ्या बल्बचं चित्र लावलं, त्याला दुसऱ्या दिवशी मिशा फुटल्या. गोड बोलून बघितलं, रागावून बघितलं. माझ्यासमोर सगळ्या जणी मान डोलवायच्या आणि चहाला जाताना दिवे तसेच ढणढणत ठेवायच्या. सगळ्यात पुढे आमची कात्री. हिची जीभ कापडात शिरावी तशी माणसात शिरते म्हणून हे नाव, आणि ते तिला आवडतंसुद्धा.

"बाई," ती म्हणायची, "वर मॅनेजरसाहेबांच्या खोलीत एसी चालतो तेव्हा कुणी नसतं, फक्त त्यांचा कोट असतो. आधी त्याला बिल्ला दाखवा."

तिचं खोटं नव्हतं. पण साहेबांच्या एसीला हात लावायची माझी काय बिशाद? म्हणून मी हिचा दिवा घालवायची, आणि ती परत आली की बटण दाबताना असा सुस्कारा टाकायची की जणू मी तिच्या तोंडचा घास काढून घेतलाय.

घरीही तेच व्हायला लागलं. एकदा जेवताना मी उठून सवयीनं स्वयंपाकघरातला दिवा घालवला तेव्हा आत नवरा भाजी वाढून घेत होता. तो अंधारातूनच म्हणाला, "बिल्ला काढून ठेव आता, घरी आलीस." मी दिवा लावला आणि हसले नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं.

या सगळ्यात माझा एकच आधार होता, अस्तरमावशी. हॉलमधल्या सगळ्यात जुन्या. अस्तराचं काम त्यांचं, आणि निम्म्या हॉलला ते त्यांनीच शिकवलेलं. त्यांचा दिवा कायम बंद. उठतानाच काय, बसून काम करतानासुद्धा बंद. छताच्या ट्यूबखाली मान जराशी तिरपी करून, बोटांनी कापड चाचपत त्या टाके घालत, आणि टाका कधी चुकत नसे. सकाळी येताना सुया ओवूनच आणायच्या, काळ्या दोऱ्याच्या एका उशीत आणि पांढऱ्याच्या दुसऱ्या. "नात ओवून देते," म्हणायच्या, "इथे वेळ मोडत नाही." मी तर भारावून गेले होते. कुणी कुरकुर केली की मी म्हणायची, "मावशींकडे बघा, त्यांना नाही लागत दिवा, तुम्हालाच बरा लागतो."

एकदा हे मी मॅनेजरांसमोर बोलले, आणि तिथेच फसले.

मोहिमेला वर्ष होत होतं. मालक स्वतः खाली येणार होते. मॅनेजरांच्या डोक्यात आलं की अस्तरमावशींना 'आदर्श वीजबचत कर्मचारी' करायचं, बक्षीस द्यायचं आणि त्यांच्याकडून सगळ्यांना शपथ देववायची. त्यांनी एक वाक्य वाचायचं, हॉलनं मागून म्हणायचं. शपथ मॅनेजरांनी स्वतः लिहिली. तिच्यातलं एकेक वाक्य इतकं लांब की माझ्याच्यानं एका श्वासात पुरं होईना. फलकावर मावशींचं नाव रंगवून झालं, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी शपथेचा कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो न बघता घडी घालून कमरेला खोचला. मग मी नळावर हात धुत होते तिथे त्या मागोमाग आल्या.

"बाई, हे दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"लाजताय कसल्या मावशी? चार ओळी तर वाचायच्यात."

"मला वाचता येत नाही."

"असं कसं? तुम्ही तर चांगल्या शिकलेल्या."

"शिकलेय," त्या म्हणाल्या. "दिसत नाही."

नळ चालूच राहिला. मी तो बंद केला, तेवढंच मला सुचलं.

त्या अगदी सहज सांगत होत्या, घरातलं दुखणं सांगावं तसं. डोळ्यांतलं मधलं गेलंय, कडेचं तेवढं राहिलंय. जिना दिसतो, टेबल दिसतं, माणूस आलेला कळतो, पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसलं जातं. माझा चेहरा त्यांनी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते सांभाळा. "आणि दिवा लावला ना बाई, की सगळं पांढरंफटक होतं. डोळ्यांतून पाणी येतं. बंद असला की निदान बोटांना शांतपणे काम करता येतं."

"म्हणजे वर्षभर मी तुमचं उदाहरण देतेय ते..."

"मला बरंच वाटायचं हो. कुणी विचारत नव्हतं, का बंद ठेवलाय म्हणून. तुमच्या मोहिमेनं माझी सोयच झाली."

आमच्याकडे कुणाला कामावरून काढत नाहीत, विश्रांती देतात. इस्त्रीवालीचा हात थरथरायला लागला, तिला विश्रांती दिली. मापं घेणाऱ्याला ऐकू येईना, त्यालाही दिली. विश्रांतीत पगार नसतो. मावशींचे यजमान अंथरुणाला खिळलेले, नात अजून शाळेत. पेन्शनला थोडीच वर्षं उरलेली, पण ती भरल्याशिवाय हातात काही पडणार नव्हतं. हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी फक्त माझं मनगट धरलं आणि म्हटलं, "थोडं राहिलंय बाई. तेवढं निभावून न्या."

मी मॅनेजरांकडे गेले. मावशींचा घसा बसलाय, मी वाचू का, असं विचारलं. ते फलकाकडे बोट दाखवून म्हणाले, "नाव रंगवलंय. मालकांना कळवलंय. गरम पाणी प्यायला सांगा." आणखी ताणलं असतं तर त्यांनी मावशींनाच बोलावून घेतलं असतं. मी परत आले आणि मावशींना म्हटलं, "तुम्ही नुसत्या उभ्या राहा. मी बघते काय ते." काय बघणार, हे मलाही ठाऊक नव्हतं.

सकाळपर्यंत एक बेत जमला. मी मागे, दाराजवळच्या दिव्यांच्या बटणांच्या फळीपाशी उभी राहणार. मावशी अडखळल्या की सगळ्या हॉलचे दिवे बंद करायचे आणि मोठ्यानं म्हणायचं, वीजबचतीची शपथ अंधारातच घेऊ या. मग पुढची वाक्यं मी सांगेन. खिशात शपथेची दुसरी प्रत होती, छोटा टॉर्च होता. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की ही मोहिमेतलीच एक कल्पना. बिल्ला कधी नव्हे तो उपयोगी पडणार होता. मात्र मावशींना हे सांगायला फुरसतच मिळाली नाही. फुलं आली नव्हती, खुर्च्या कमी पडत होत्या, मालकांना बसायला गादीची खुर्ची हवी म्हणून दोघांना वर पिटाळलं. मावशी एकदा जवळ येऊन "बाई, जरा ऐकता का" म्हणाल्याही, पण मी "काळजी करू नका हो" म्हणून पुढे पळाले.

मालक आले. भाषण झालं. मावशी पुढे उभ्या राहिल्या. मान खाली, कागद नाकाशी धरलेला, एक बोट पहिल्या ओळीवर.

"आम्ही सर्व कर्मचारी अशी शपथ घेतो," त्या म्हणाल्या. हॉल मागून म्हणाला.

"की ही कंपनी आमचे घर समजून येथील विजेचा प्रत्येक कण जपून वापरू."

हेही बरोबर. मी कागदाशी ताडून बघत होते, शब्द न् शब्द बरोबर. पण मग त्या थांबल्या. हॉलचं म्हणून झालं तरी बोलेनात. ओठ मिटलेले. मॅनेजरांची मान वळली. मला वाटलं, कुणाकडून तरी ऐकलेलं आठवत होतं तेवढं संपलं, आता त्या उघड्या पडणार. माझा हात गेला आणि मी बटणं पाडली.

अंधार झाला. जिन्यातून थोडा उजेड उतरत होता. त्यात माणसाची आकृती कळत होती, अक्षर कळणं शक्य नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं.

"जागेवरून उठताना प्रत्येक जण आपला दिवा आठवणीने बंद करील," मावशी म्हणाल्या.

शांतपणे, स्पष्ट, वाचावं तसं. आणि त्यांचं बोट कागदावर एक ओळ खाली सरकलं.

कुणीच मागून म्हटलं नाही. दिवे गेलेले मावशींना जाणवलेसुद्धा नाहीत, म्हणजे त्यांना दिसतच नाही, हे सगळ्या हॉलला एकदम कळलं होतं. मला ते कळणं जसं काही ऐकूच आलं. ज्यांना मावशींनी टाके घालायला शिकवलं होतं, ज्या रोज त्यांच्या शेजारी बसत होत्या, त्या सगळ्या अंधारात त्यांच्याकडे बघत होत्या, आणि माझा हात अजून बटणावरच होता. मी त्यांना झाकायला गेले होते आणि माझ्याच हातानं उघडं पाडलं होतं. मावशींना वाटलं, मागच्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी आवाज चढवून तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

"जागेवरून उठताना," डावीकडून खणखणीत आवाज आला. तो कात्रीचा होता. "प्रत्येक जण आपला दिवा आठवणीने बंद करील. म्हणा की गं सगळ्या, तोंडं का शिवलीत?"

मग हॉल म्हणाला. पुढचं वाक्य मावशींनी सांगितलं, तेही म्हणाला, त्याच्यापुढचंही. इतक्या मोठ्यानं आमच्या बायका कधी कशाची शपथ घेतील असं मला वाटलं नव्हतं. शेवटचा शब्द झाला तेव्हा मी दिवे लावले. मावशींनी मान वर केली आणि डोळे उघडले. सगळा वेळ ते मिटलेले होते, पाठ म्हणताना मुलं मिटतात तसे.

मालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. "दिवे गेले, तरी बाई थांबल्या नाहीत," ते मॅनेजरांना म्हणाले. "याला म्हणतात निष्ठा." त्यांना एवढंच दिसलं होतं. मॅनेजरांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच शाबासकी दिली, आणि मग मालकांनी मावशींच्या हातात बक्षीस ठेवलं. कमी वीज खाणारा, खूप उजेड देणारा, नवाकोरा टेबलावरचा दिवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझी वाट बघत जिन्यात उभ्या होत्या.

"बाई, काल दिवे गेले होते का?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "हो. मीच घालवले," मी म्हटलं. "तुम्ही थांबलात, मला वाटलं अडलात."

"थांबले कुठे? श्वास घेत होते. ते वाक्य केवढं लांबलचक होतं." मग त्या म्हणाल्या, "नातीकडून पाठ करून घेतलं होतं. तेच सांगायला आले होते तुम्हाला."

"चुकलं माझं, मावशी."

"सगळ्यांना कळलं का?"

"हॉलला कळलं."

"आणि वर?"

"वर नाही कळलं."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीचा आधार घेत खाली उतरल्या. टेबलापाशी गेल्या, बक्षिसाचा दिवा खोक्यातून काढला, चाचपडत वायर लावली आणि तो पेटवला. झगझगीत पांढरा उजेड त्यांच्या तोंडावर पडला. डोळ्यांतून लगेच पाणी वाहायला लागलं. पदरानं टिपून त्या कामाला बसल्या. मी धावत गेले, म्हटलं, हे काय करताय, बंद करा तो.

"राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "बंद दिवा आता सगळ्यांच्या लक्षात येणार. लागलेला असला की वरून येणाऱ्याला वाटतं, बाई बघून काम करतेय."

वर्षभर दिवे बंद करा म्हणून घसा कोरडा केलेली मी त्या एका दिव्यासमोर उभी राहिले आणि तो बंद करायची मला हिंमत झाली नाही. इतकं थकल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात टेबल ओढल्याचा कर्कश आवाज झाला. कात्री आपलं टेबल ओढत आणत होती. तिनं ते मावशींच्या टेबलाला भिडवलं, बक्षिसाच्या दिव्याची मान धरून आपल्याकडे वळवली आणि स्वतःचा जुना दिवा घालवून टाकला. मावशींच्या तोंडावरचा उजेड गेला. दारातून बघणाऱ्याला मात्र दिवा दोघींच्या मधोमध लागलेला दिसत होता.

"माझ्या दिव्याचा उजेड मेला मिणमिणता आहे," कात्री माझ्याकडे न बघता म्हणाली. "मावशी, ती काळी उशी इकडे सरकवा. नातीनं ओवलेल्या संपल्या की मी देत जाईन."

चार दिवसांनी मॅनेजर खाली आले. दोन टेबलं आणि एक दिवा बघून खूश झाले. म्हणाले, "बाई, हे तर फार छान आहे. सगळ्या हॉलमध्ये असंच करा. दोघींत एक दिवा." मी मनात म्हटलं, आता बोंबाबोंब होणार, कुणाला कुणाशेजारी बसायचं नसेल, पुन्हा माझ्याच डोक्याला ताप.

तसं झालं नाही. बायका एकेकट्या माझ्याकडे येऊ लागल्या. बटणं लावणारी उंच बाई नळापाशी गाठून म्हणाली, "मला त्या नव्या मुलीशेजारी बसवा हो, तिचे डोळे ताजे आहेत." तुरपाईवाली म्हणाली, तिला उजवीकडची जागा हवी, डावीकडचं जरा कमी दिसतं. एक जण तर काहीच बोलली नाही, दोऱ्याचं रीळ आणि सुई माझ्या हातात देऊन उभी राहिली, आणि मी ओवून देईपर्यंत दुसरीकडे बघत राहिली. मी कुणालाही कारण विचारलं नाही. वर्षभर मी दिवे मोजत फिरले होते, त्यांच्याखाली वाकलेले डोळे मी बघितलेच नव्हते. मला स्वतःची लाज वाटली. जिला जशी जोडीदारीण हवी तशी मी बसवून दिली. ते मात्र मी मन लावून केलं.

बिल कमी आलं. मॅनेजर पुन्हा खाली उतरले, हॉलभर फिरले आणि मावशींच्या टेबलापाशी थांबले.

"काय मावशी, बक्षीस आवडलं ना? दिसतंय ना नीट?"

कात्रीची सुई थांबली. मावशींनी मान वर केली आणि थोडी तिरपी वळवली. तशी वळवली की माणूस कडेनं दिसतो, हे आता मला माहीत होतं. साहेबांना वाटलं, त्या आपल्या खांद्याकडे बघताहेत. त्यांनी कोटावरचा नसलेला दोरा झटकला.

"फार छान उजेड आहे, साहेब," मावशी म्हणाल्या. "आमच्या दोघींना पुरतो."